आरेच्या पाड्यांतील रुग्ण : दवाखाना, कागद आणि हक्क

गोरेगाव पूर्वेच्या आरे दूध वसाहतीत सत्तावीस आदिवासी पाडे आहेत. नवशाचा पाडा, खांबाचा पाडा, जीवाचा पाडा, केल्टी पाडा, प्रजापूर पाडा, हबाले पाडा ही त्यांतली काही नावे. वारली, कोकणा, मल्हार कोळी, महादेव कोळी, कातकरी अशा जमातींची कुटुंबे येथे राहतात. दूध वसाहतीसाठी १९४९ च्या सुमारास सरकारने जमीन घेतली, त्याआधीपासून यांतील अनेकांची वस्ती येथेच आहे. आज जमीन मुख्यतः दुग्धव्यवसाय विकास विभागाची, दवाखाने आणि लसीकरण मुंबई महापालिकेचे, काही क्षेत्र वन विभागाचे, जातीचा दाखला महसूल विभागाकडे आणि रेशन शिधावाटप कार्यालयाकडे अशी वाटणी आहे. घरात माणूस आजारी पडला की या वाटणीचा त्रास सुरू होतो.

पाड्यांतून तेच तेच प्रश्न विचारले जातात. आम्ही आदिवासी असूनही आदिवासी भागाच्या योजना आम्हांला का मिळत नाहीत? रेशन कार्डावर नाव नाही, मग शस्त्रक्रिया मोफत होईल का? रुग्णालयाने ‘खाट नाही’ म्हणून परत पाठवले तर दाद कोणाकडे मागायची? पुढील माहिती या प्रश्नांच्या क्रमाने दिली आहे.

आधी हे पाहा : योजना माणसाला आहे की भागाला?

सरकारी योजना दोन तऱ्हेच्या असतात. काही योजना अनुसूचित क्षेत्रासाठी, म्हणजे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येणाऱ्या भागासाठी असतात. पालघर, नंदुरबार, गडचिरोली अशा जिल्ह्यांतील ठरावीक तालुके त्यात येतात. मुंबई उपनगर जिल्हा त्यात नाही. त्यामुळे गरोदर आणि स्तनदा मातांना चौरस आहार देणारी अमृत आहार योजना जव्हारच्या वारली बाईला मिळते, पण आरेच्या वारली बाईला मिळत नाही. क्षयरुग्णांना आदिवासी भागासाठी मिळणारे वेगळे ७५० रुपयेही अधिसूचित आदिवासी भागापुरतेच आहेत.

दुसऱ्या तऱ्हेच्या योजना व्यक्तीला लागू होतात. तेथे अनुसूचित जमातीचा दाखला, शिधापत्रिका, उत्पन्न, वय किंवा आजार पाहिला जातो, पत्ता पाहिला जात नाही. जननी सुरक्षा योजना, मातृवंदना योजना, महात्मा फुले जन आरोग्य योजना, धर्मादाय रुग्णालयातील राखीव खाटा आणि क्षयरुग्णांचा पोषण भत्ता या सर्व योजना आरेत राहणाऱ्यांना लागू आहेत. कोणी ‘ही योजना तुमच्यासाठी नाही’ म्हणाले, तर एकच प्रश्न विचारा : अट भागाची आहे की माणसाची? अट माणसाची असेल तर मुंबईत राहतो म्हणून लाभ नाकारता येत नाही.

घरात तयार ठेवायचे कागद

रुग्णालयात पोहोचल्यावर कागद जमवणे सर्वांत अवघड जाते. पुढील कागद एका पिशवीत, प्रत्येकी दोन झेरॉक्ससह ठेवा :

- घरातील प्रत्येकाचे आधार कार्ड, लहान मुलांचेही.
- शिधापत्रिका. तिच्यावर सून आणि नवजात मूल यांचे नाव चढले आहे का, ते पाहा.
- कुटुंबप्रमुखाचा तहसीलदाराने दिलेला उत्पन्नाचा दाखला. तो जुना असेल तर चालू आर्थिक वर्षाचा काढून घ्या.
- अनुसूचित जमातीचा दाखला. तो नसेल तर त्यासाठी केलेल्या अर्जाची पोच.
- मुलांचे जन्मदाखले आणि लसीकरण कार्ड.
- आधीचे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, रक्तगटाची नोंद.
- चालू असलेले बँक खाते. मातृत्व आणि क्षयरोग योजनांचे पैसे थेट खात्यात येतात.

बहुतेक अर्ज अडतात ते नावाच्या लेखनात. आधारवर ‘लक्ष्मी बाळू’, शिधापत्रिकेवर ‘लखमी बाळा’, शाळेच्या दाखल्यावर तिसरेच काही आणि आडनाव एका ठिकाणी आहे तर दुसऱ्या ठिकाणी नाही, असे असेल तर योजनेच्या संगणकावर ही तीन वेगळी माणसे ठरतात. दुरुस्ती आधारपासून सुरू करावी आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्यावेत. आजारपण नसताना हे काम थोड्या दिवसांत होते. रुग्ण अतिदक्षता विभागात असताना तेच काम नातेवाइकांना फार जड जाते.

जातीचा दाखला कुठे अडतो

अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जमातीचा पुरावा मागितला जातो. पाड्यांतील आजी-आजोबा शाळेत गेलेच नव्हते, त्यामुळे शाळेचा जुना दाखला मिळत नाही. म्हणून अर्ज सोडून देण्याचे कारण नाही. पुढील मार्ग उपलब्ध असतात :

- वडील, काका, आत्या किंवा चुलत भावंडे यांच्यापैकी कोणाकडे दाखला किंवा जात वैधता प्रमाणपत्र असेल तर ते रक्ताच्या नात्याच्या वंशावळीसह जोडा.
- दूध वसाहत होण्यापूर्वीच्या महसुली नोंदी, जुने सातबारा उतारे आणि जन्म-मृत्यू नोंदवहीतील उतारे यांच्या नकला मागा.
- कागद अपुरे असतील तर प्रत्यक्ष चौकशी करून जबाब नोंदवण्याची लेखी विनंती अर्जातच करा.

अर्ज सेतू केंद्रात किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर करता येतो. उपनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे अधिसूचित सेवांना मुदत घालून दिलेली असते. मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा कारण न देता अर्ज फेटाळला, तर तीस दिवसांत पहिले अपील करता येते, त्यानंतर दुसरे अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे दाद मागता येते. अपिलासाठी अर्जाचा क्रमांक लागतो. म्हणून पोच घेतल्याशिवाय कोणताही कागद कार्यालयात देऊ नका. आदिवासी विकास विभागाच्या मुंबईतील प्रकल्प कार्यालयाकडेही दाखल्यासाठी मदत मागता येते.

कोणत्या दुखण्याला कोणते दार

वसाहतीच्या आत मोठी शस्त्रक्रिया किंवा अतिदक्षता उपचार देणारे रुग्णालय नाही. चुकीच्या ठिकाणी गेल्यास तेथून पुढे पाठवण्यात वेळ जातो. म्हणून आधी टप्पा ठरवा.

1. ताप, खोकला, जुलाब, मधुमेह, रक्तदाब : महापालिकेचा दवाखाना किंवा ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’. नोव्हेंबर २०२२ पासून सुरू झालेल्या या दवाखान्यांत तपासणी, औषधे आणि रक्त-लघवीच्या चाचण्या मोफत होतात. अनेक दवाखाने रात्री दहापर्यंत उघडे असतात, त्यामुळे दिवसाची मजुरी न बुडवता जाता येते.
2. लसीकरण, गरोदरपणाची नोंद, क्षयरोगाच्या गोळ्या : विभागातील महापालिकेचे आरोग्य केंद्र. आरेचा बहुतांश भाग पी दक्षिण विभागात येतो. आपल्या पाड्याची जबाबदारी कोणत्या आरोग्य सेविकेकडे आहे ते विचारून तिचा मोबाइल क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.
3. अपघात, हाड मोडणे, सर्पदंश, बेशुद्धी : जोगेश्वरी पूर्वेचे बाळासाहेब ठाकरे ट्रॉमा केअर रुग्णालय. ते पश्चिम द्रुतगती महामार्गालगत असल्याने आरेला जवळ पडते. पर्याय म्हणून विलेपार्ल्याचे कूपर किंवा कांदिवलीचे शताब्दी.
4. हृदय, मेंदू, कर्करोग, मूत्रपिंडाचे आजार : केईएम, नायर, शीव अशी मोठी रुग्णालये किंवा महात्मा फुले योजनेत नोंद असलेले रुग्णालय.

पुढे पाठवताना डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. रुग्ण किती वाजता आला, कोणती औषधे दिली आणि का पाठवले हे तीनही मुद्दे तिच्यात असले पाहिजेत. नुसते तोंडी ‘कूपरला घेऊन जा’ सांगितले, तर पुढच्या रुग्णालयात सगळे पहिल्यापासून सुरू होते.

रुग्णवाहिका बोलावताना

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. तरी पाड्यांपर्यंत ती अनेकदा पोहोचत नाही, कारण शेवटचा रस्ता पायवाटेचा असतो आणि चालकाला पाड्याचे नाव नकाशात सापडत नाही. फोनवर फक्त पाड्याचे नाव सांगू नका. आरेतून जाणाऱ्या दिनकरराव देसाई मार्गावरील एक ठळक खूण, जवळच्या तबेल्यांच्या युनिटचा क्रमांक आणि गाडी गोरेगावकडून यावी की मरोळ-पवईकडून, एवढे सांगा. दोन माणसांना बॅटरी देऊन मुख्य रस्त्यावर उभे करा. रुग्णाला तिथवर आणण्यासाठी झोळीपेक्षा सपाट फळी किंवा खाट चांगली, विशेषतः पाठीला किंवा मानेला मार असेल तेव्हा. गरोदर बाईचा नववा महिना लागला की रिक्षा किंवा टेम्पोवाल्याशी आधीच बोलून ठेवावे.

महात्मा फुले जन आरोग्य योजना

२०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेल्या या योजनेला २०१७ मध्ये महात्मा फुले यांचे नाव दिले गेले. पुढे ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. जुलै २०२४ पासून विमा संरक्षण दरवर्षी प्रति कुटुंब पाच लाख रुपये झाले आणि पिवळ्या-केशरी कार्डांबरोबर पांढरे कार्ड असलेली कुटुंबेही तिच्यात आली. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यासाठी आधार पुरते.

योजना वापरताना असा क्रम ठेवा :

1. रुग्णालय योजनेत आहे का आणि हवा तो उपचार तेथे होतो का, हे १५५३८८ या क्रमांकावर विचारा. एकाच रुग्णालयात एक उपचार योजनेत आणि दुसरा बाहेर, असे असू शकते.
2. रुग्णालयात शिरल्यावर आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचा, कक्ष शोधा. पैसे भरण्यापूर्वी नोंदणी करा.
3. आणीबाणी असेल तर आरोग्यमित्राला दूरध्वनीवरून मंजुरी घ्यायला सांगा. कागद नंतर देता येतात.
4. मंजुरी मिळाल्यावर तपासण्या, औषधे, शस्त्रक्रिया आणि रुग्णाचे जेवण मोफत असते. ‘हे औषध बाहेरून आणा’ असे सांगितले, तर चिठ्ठी लिहून मागा आणि ती आरोग्यमित्राला दाखवा.
5. सुट्टी मिळताना परतीच्या प्रवासाचे पैसे आणि नंतरच्या तपासण्यांची तारीख विचारून घ्या.

ही योजना मुख्यतः दाखल करून होणाऱ्या उपचारांसाठी आहे. साध्या तापाच्या औषधांसाठी तिचा उपयोग नाही, त्यासाठी महापालिकेचा दवाखाना आहे. आयुष्मान कार्ड असले की कोणत्याही खासगी रुग्णालयात मोफत उपचार होतात, असे समजणेही चुकीचे आहे.

धर्मादाय रुग्णालयातील राखीव खाटा

मुंबईतील अनेक मोठी, चकचकीत रुग्णालये कायद्याने धर्मादाय न्यास आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने ठरवून दिलेली योजना यांनुसार त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवाव्या लागतात. यासाठी प्रत्येक बिलाच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. निर्धन रुग्णासाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे.

- रुग्णालयाच्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा आणि अर्ज लेखी द्या.
- उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका जोडा.
- आणीबाणीत अनामत रक्कम न मागता दाखल करून रुग्णाची प्रकृती स्थिर करणे हे या रुग्णालयांचे कर्तव्य आहे. त्यानंतरच गरज पडल्यास सार्वजनिक रुग्णालयात हलवता येते.
- रिकाम्या राखीव खाटांची संख्या धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडे कळते. ‘कोटा संपला’ हे उत्तर तेथे पडताळून पाहा.

बिल झाल्यावर सवलत मागणे फार अवघड असते. मागणी दाखल होतानाच करावी.

बाळंतपण आणि नवजात बाळ

गरोदरपणाची नोंद पहिल्या तीन महिन्यांत आरोग्य केंद्रात झाली पाहिजे. मातृवंदना योजनेचा हप्ता या नोंदीवर अवलंबून असतो. आरेतील आईला पुढील लाभ मिळतात :

- जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम : सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, आहार आणि ने-आण मोफत. वर्षभरापर्यंतच्या आजारी बाळावरही मोफत उपचार. जमात किंवा उत्पन्नाची अट नाही.
- जननी सुरक्षा योजना : अनुसूचित जमातीच्या किंवा दारिद्र्यरेषेखालील आईला शहरी भागात रुग्णालयातील बाळंतपणासाठी ६०० रुपये.
- प्रधानमंत्री मातृवंदना योजना : पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत, दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये एकदम.

गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ७ पेक्षा खाली आले असेल, डोके सतत दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, चेहरा-हात सुजले असतील, रक्त जात असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

गरोदर मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर पोलिसांच्या भीतीने तिला घरीच ठेवले जाते आणि यात मुलीच्या जिवावर बेतते. कायद्यानुसार रुग्णालयाला पोलिसांना कळवावे लागते हे खरे. पण त्या कारणाने उपचार नाकारता किंवा लांबवता येत नाहीत. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेला सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांत तातडीचे उपचार मोफत मिळाले पाहिजेत.

बाळंतपण घरी झाले तर जन्माची नोंद घरातील कर्त्या माणसाने २१ दिवसांत करावी. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागते. त्यानंतर परवानगी घ्यावी लागते आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो, त्यामुळे नोंदीतली टाळाटाळ पुढे शाळेत, आधारला आणि जातीच्या दाखल्याला नडते.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर अंगणवाडीत मोजून घ्या. तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर ते तीव्र कुपोषण आहे. अशा मुलाला पाकिटातला खाऊ पुरत नाही, त्याला डॉक्टरांची तपासणी लागते.

साप, कुत्रा, बिबट्या आणि तबेल्याचे पाणी

साप : आरेत नाग, मण्यार, घोणस असे विषारी साप आढळतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. जागा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोबडी वळते. अशा माणसाला ‘पित्त झाले’ म्हणून घरी ठेवू नका. दंशावर दोरी बांधणे, चीर देणे, विष चोखणे किंवा भगताकडे नेणे यांत वेळ जातो आणि अवयवाला इजा होते. चावलेला अवयव न हलवता, फळीच्या आधाराने बांधून थेट मोठ्या रुग्णालयात न्या. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही, कारण या जातींवर एकच संयुक्त लस दिली जाते. ती सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत मोफत आहे. खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपणे हा साधा आणि खात्रीचा बचाव आहे.

कुत्रा : जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. लस त्याच दिवशी सुरू करा आणि सर्व मात्रा पूर्ण करा. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेभोवती द्यायच्या प्रतिपिंडाच्या इंजेक्शनबद्दल विचारा. नुसती लस अशा वेळी पुरेशी नसते.

बिबट्या : २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आरेत बिबट्याचे अनेक हल्ले झाले. २०२२ च्या दिवाळीत युनिट १५ मध्ये सोळा महिन्यांच्या मुलीचा जीव गेला. हल्ला झाल्यास वन विभागाला १९२६ वर, शक्यतो ४८ तासांच्या आत कळवा. मृत्यू झाल्यास वारसांना आणि जखमींनाही शासनाकडून भरपाई मिळते. त्यासाठी वन विभागाचा पंचनामा, डॉक्टरांचा दाखला आणि उपचारांची बिले लागतात. घरगुती उपचार करून चार दिवसांनी रुग्णालयात गेल्यास जखम वन्यप्राण्याने केली हे सिद्ध करणे कठीण होते. बिबट्याच्या जखमेनंतरही रेबीजची लस घ्यावी लागते.

लेप्टो : पावसाळ्यात तबेल्यांच्या परिसरातील साचलेल्या पाण्यातून, पायाला जखम असताना चालल्यास लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. असे पाणी लागल्यावर ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालील मुलांसाठी औषध वेगळे असते, म्हणून शेजाऱ्याच्या गोळ्या त्यांना देऊ नका. ताप, पोटऱ्यांत वेदना आणि डोळे लाल होणे ही लक्षणे दिसताच तपासणी करा.

क्षयरोग आणि सिकलसेल

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी ताप, वजन घटणे यांपैकी काही असेल तर थुंकीची तपासणी मोफत होते. उपचार सुरू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये मिळतात. पैसे आले नाहीत तर आरोग्य केंद्रात निक्षय क्रमांक आणि बँक खाते जुळले आहे का, ते आधी तपासून घ्या. बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडल्यास क्षयाचे जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि उपचार लांबतात.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आदिवासी समाजात जास्त आढळतो. केंद्राने जुलै २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी हा तिचा मुख्य भाग आहे. लग्न ठरवण्यापूर्वी मुलगा-मुलगी दोघांची तपासणी करावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. सिकलसेलचा आजार अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत येतो. त्यामुळे रुग्णाला तपासणीनंतर अपंगत्व प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

दाखल करून घेतले नाही तर

सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात, १९८९ मध्ये, अपघातग्रस्ताला आधी उपचार आणि मग पोलिसी कारवाई असा दंडक घातला. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजूर समिती प्रकरणात सरकारी रुग्णालयाने आणीबाणीत उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावे लागते. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही.

अडचण आली तर असे करा :

1. ड्यूटीवरील डॉक्टरांचे नाव आणि वेळ लिहून घ्या.
2. ‘दाखल करता येत नाही’ हे कारणासह केसपेपरवर लिहून मागा. लेखी द्यायची वेळ आली की बऱ्याचदा खाट निघते.
3. सरकारी किंवा महापालिका रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षकांना भेटा. उत्तर न मिळाल्यास महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या.
4. खासगी रुग्णालयाबद्दल महापालिका आरोग्य विभागाच्या तक्रार निवारण कक्षाकडे, धर्मादाय रुग्णालयाबद्दल धर्मादाय आयुक्तांकडे, महात्मा फुले योजनेबद्दल १५५३८८ वर तक्रार करा.
5. तक्रारीत घटनेचा क्रम आणि मागणी एवढेच लिहा. केसपेपरची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या.

रुग्ण गंभीर असेल तर वाद घालण्यासाठी एकाने थांबावे आणि दुसऱ्याने रुग्णाला पुढच्या रुग्णालयात न्यावे.

हमखास होणाऱ्या चुका

- योजना मिळवून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देणे. आयुष्मान कार्ड आणि आरोग्यमित्राची मदत यांना शुल्क नाही.
- मूळ कागद कोणाच्या हवाली करणे. झेरॉक्सवर सही करून द्या, मूळ फक्त दाखवा.
- रुग्णालयात पत्ता नातेवाइकाच्या घरचा सांगणे. नंतर शिधापत्रिकेशी तो जुळत नाही.
- डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतो, अशा कागदावर न वाचता अंगठा देणे. पुढे रुग्णालयाकडून हलगर्जी झाली असली तरी तो कागद कुटुंबाविरुद्ध वापरला जातो.
- घराला जमिनीचा पट्टा नाही म्हणून आरोग्याचा हक्क नाही, असे मानणे. लस, क्षयरोगाचे उपचार, बाळंतपण आणि आणीबाणीची सेवा यांपैकी कशालाही घराच्या मालकीचा पुरावा लागत नाही.

उपचार आधी आणि कागद मागून, हा कायद्याचा नियम आहे. पण कागद आधीच तयार असले तर त्या नियमासाठी भांडायची वेळ कमी येते. पाड्यातल्या एका शिकलेल्या मुलीने किंवा मुलाने पावसाळ्यापूर्वी घरोघरी जाऊन शिधापत्रिकेतील नावे, आधारवरील लेखन आणि गरोदर बायकांची नोंद एवढ्या तीन गोष्टी तपासाव्यात, आणि जिथे त्रुटी दिसेल त्या घराचा अर्ज त्याच आठवड्यात भरून द्यावा.